हातोड्याने बसवलेलं बेअरिंग

बेअरिंगला हातोडा दाखवायचासुद्धा नाही, हे दत्ताराम घाडी नव्या फिटरला पहिल्याच दिवशी सांगायचा. सांगायचा कसला, दम द्यायचा. "मारायचंच असेल तर माझ्या डोक्यात मार, पण बेअरिंगवर नको," असं म्हणून असा बघायचा की त्या बिचाऱ्याला चहासुद्धा घशाखाली उतरू नये. आणि शेवटी केलं कुणी? ह्यानेच. सांगायलाही कसंतरीच वाटतं, पण आता सुरुवात केलीच आहे तर सगळं सांगायला हवं.

विक्रोळीत जे मोजके कारखाने अजून धूर सोडतात त्यांतली एक औषधांची कंपनी. तिच्या मागच्या अंगाला, खाडीकडे पाठ करून पंपहाऊस उभं आहे. आत तीन मोठे पंप. औषधांच्या टाक्या थंड ठेवायचं पाणी ह्या पंपांनीच फिरायचं. दोन चालू, एक राखीव. दत्ताराम इथे बाविसाव्या वर्षी लागला आणि आता सत्तावन्नाचा झाला होता. बाप गिरणीत होता, संपानंतर जो कणकवलीला गेला तो परत आला नाही. दत्ताराम मात्र मामाकडे राहून आयटीआय झाला, कन्नमवार नगरात खोली केली, लग्न केलं, दोन मुलींना शिकवून सासरी धाडलं. रिटायर व्हायला एक वर्ष राहिलं होतं.

पण माणूस हातात कला असलेला. जुनं बेअरिंग काढलं की दुसरे लोक भंगारात टाकतात. हा ते रॉकेलमध्ये धुवायचा, सुती फडक्याने पुसायचा, खिडकीशी नेऊन उजेडात बघायचा. निळं-काळं पडलं असेल तर तेल कमी पडलं. आत गंज असेल तर पाणी शिरलं. एकाच बाजूला घासलं असेल तर पंप आणि मोटर एका रेषेत नव्हते. "कशाने मेलं ते त्यालाच विचारायचं, ते खोटं नाही बोलत," म्हणायचा. इंजिनीअर अक्षता मॅडम, मुलीच्या वयाची बाई, पण हुशार, तिच्याकडे कंपन मोजायचं यंत्र होतं, तरी शेवटी ती विचारायची, "घाडीकाका, तुम्हाला काय वाटतं?" काका बोलले की विषय संपला.

दुसरा माणूस सांगायचा तो स्टोअरचा रोझारिओ. कांजूर गावातला, घरी अजून मराठीच बोलणारा ख्रिस्ती. स्टोअर सव्वीस वर्षं त्याच्या हाताखाली. रविवारी चर्चमध्ये मिसाच्या प्रार्थनेत उभा राहून बायबलमधलं वाचन करायचा, त्याचा त्याला फार अभिमान. दत्ताराम आणि तो डबा एकत्र खायचे. रोझारिओची बायको विनी नाताळाला करंज्या पाठवायची, दत्तारामची रुक्मिणी गणपतीत मोदक. सरळ मैत्री, भानगड काही नाही.

आता खंडेनवमीचं ऐका. दसऱ्याला कंपनी बंद, म्हणून हत्यारांची पूजा आदल्या दिवशी. पंपहाऊसची पूजा दत्तारामच्या हातची. सगळे पाने, बेअरिंग ओढून काढायचा पुलर, बेअरिंग तापवायचा हीटर, हातोडे, छिन्न्या, सगळं धुऊन पुसून बाकावर लाल कापडावर मांडायचं, हळद-कुंकू, झेंडू, नारळ. आणि एकदा पूजा मांडली की दसऱ्याच्या दुसऱ्या दिवसापर्यंत त्यातल्या कशाला हात लावायचा नाही. नियम दत्तारामचाच, आणि तो कडक. तीन वर्षांपूर्वी बॉयलरवरच्या किरणने गळका व्हॉल्व्ह आवळायला पूजेतला एक पाना उचलला होता, तर ह्याने चार लोकांत त्याचा असा उद्धार केला की तो किरण, बायकोमुलं असलेला माणूस, जेवला नाही त्या दिवशी.

तर ह्या वर्षी अकराला पूजा झाली, प्रसाद झाला, आणि दोन वाजता दोन नंबरच्या पंपाचं बेअरिंग ओरडायला लागलं. तीन नंबर आधीच उघडून पडला होता, त्याचा पाणी ढकलणारा पंखा बाहेर दुरुस्तीला गेलेला. एकट्या एक नंबरवर टाक्या थंड राहणार नव्हत्या. अक्षता मॅडम सणाला गावी. फोनवर म्हणाली, "काका, संध्याकाळची बॅच लागायच्या आत होईल ना?"

"होईल म्हणजे? झालं समजा," दत्ताराम म्हणाला. सवयच तशी.

रोझारिओने नवं बेअरिंग काढून दिलं. नेहमीच्या दुकानात ह्या नंबरचा माल नव्हता म्हणून मागच्या महिन्यात त्याने दुसऱ्या दुकानातून आणलं होतं. खोका, शिक्का, नंबर सगळं स्वतः तपासून घेतलेलं. देऊन तो तीनला घरी गेला. दत्तारामने स्टोअरमधून घेतलेल्या कोऱ्या पान्यांनी पंप उघडला, शाफ्ट, म्हणजे पंपाचा फिरता दांडा, बाहेर काढून बाकाशी आणला आणि पूजेपुढे उभा राहिला.

पुलरच्या दोन जबड्यांमध्ये झेंडूचं फूल. हीटरला हार. उचलायचं, एक नमस्कार करायचा, काम झालं की परत ठेवायचं. कुठला देव रागावणार होता? दत्ताराम देवाला घाबरत नव्हताच मुळी. बॉयलरच्या दारात किरण स्टुलावर बसून इकडे बघत होता, त्याला घाबरला. पुढे गेलेला हात त्याने खिशात घातला.

बाहेर गटाराचं काम चाललं होतं. धोंडिराम गवंडी चहाला निघाला होता, त्याचा घण मागून घेतला. भंगारातून पाइपचा एक तुकडा घेतला आणि शाफ्ट मागच्या शेडमध्ये नेला, जिथे कुणी येत नाही. जुनं बेअरिंग ठोकून काढलं. त्याचं काही नाही, ते तसंही मेलेलं. पण नवं? नवं बेअरिंग शाफ्टवर घट्ट बसतं. तापवलं की जरा फुगतं आणि अलगद सरकतं. ठोकायचंच झालं तर मार आतल्या रिंगवर बसला पाहिजे. पाइप होता मोठा, तो टेकला बाहेरच्या रिंगवर. म्हणजे प्रत्येक घाव बाहेरच्या रिंगमधून मधल्या पोलादी गोळ्यांवर आणि गोळ्यांमधून आतल्या रिंगवर. हे त्याला माहीत नव्हतं? तोच तर शिकवायचा!

अकरा घाव घातले. बेअरिंग बसलं. हाताने फिरवून बघितलं तर बोटांना कुठेतरी बारीक अडखळल्यासारखं लागलं. "ग्रीस नवं आहे," तो स्वतःशीच म्हणाला. कधी नव्हे ते मोठ्याने म्हणाला. साडेपाचला पंप चालू झाला आणि मॅडमला फोन गेला, "झकास चाललाय."

नवव्या दिवशी सकाळी दोन नंबर जाम झाला. शाफ्ट खरवडला, मोटर जळली, तीन नंबरचा पंखा अजून आला नव्हता. औषधाच्या दोन बॅचेस फुकट गेल्या. दुपारी वर्कशॉपच्या टेबलाभोवती प्लँटचे साहेब, अक्षता मॅडम, सुपरवायझर, सगळे, आणि मध्ये दत्ताराम ते बेअरिंग धूत बसलेला. त्याने आतली रिंग पुसली आणि बघितलं. काही ठिकाणी पापुद्रे निघालेले, आणि जिथे निघाले नव्हते तिथे सारख्या सारख्या अंतरावर पोचे. जेवढं दोन गोळ्यांमध्ये अंतर, तेवढंच दोन पोच्यांमध्ये. खाचेच्या मधोमध नाहीत, सगळे एका कडेला. घावाच्या खुणा आणखी कशा असतात? 

"कसं बसवलं होतं, काका?" अक्षताने विचारलं. सहज विचारलं, संशय काही नव्हता.

"तापवून. नेहमीसारखं."

"हे नेहमीच्या दुकानातलं नव्हतं ना? डुप्लिकेट असेल का?"

बघा, खोटंसुद्धा त्याला शोधावं लागलं नाही. कुणीतरी हातात आणून दिलं. दत्तारामने रिंग फडक्यात गुंडाळली आणि म्हणाला, "माल हलका वाटतो." बस्स, तीन शब्द. एवढ्याने त्याचं काम झालं आणि रोझारिओची वाट लागली.

त्याच संध्याकाळी रोझारिओकडून स्टोअरच्या किल्ल्या घेतल्या. चौकशी होईपर्यंत घरी बसायचं. खालच्या लोकांत कुजबुज सुरू झाली, नव्या दुकानदाराने रोझारिओचा खिसा गरम केला असणार. कालपर्यंत त्याला अंकल अंकल करणारेच बोलत होते. दत्ताराम ऐकत होता आणि डबा एकटाच खात होता. दुसऱ्या दिवशी तर खाल्लाच नाही.

रविवारी रोझारिओ घरी आला. हातात विनीने दिलेला डबा, सुक्या जवळ्याची चटणी. रुक्मिणीने चहा ठेवला. तो खुर्चीच्या कडेला बसला, जसं परक्याच्या घरी बसतात.

"दत्ता, मला फक्त एक सांग. तू बघितलंस ना स्वतः? खरंच डुप्लिकेट होतं?"

दत्ताराम डब्याचं झाकण नीट बसवू लागला.

"नाही म्हणजे," रोझारिओच बोलू लागला, "मी खोका बघितला, शिक्का बघितला, सगळं बघितलं रे. मला तर ओरिजिनलच वाटलं. पण तू म्हणतोस तर असणार. तुझी नजर चुकत नाही. माझेच डोळे गेले असतील आता. साहेब म्हणतात माफीचं लिहून दे, मग बघू. काय करू? देऊ लिहून?"

आता तरी बोलायचं की नाही माणसाने! समोर मित्र बसलाय, स्वतःच्या डोळ्यांवर संशय घेतोय आणि तुझ्यावर विश्वास ठेवतोय. दत्तारामच्या तोंडापर्यंत आलं होतं. पण जीभ भलतंच बोलली.

"दे लिहून. प्रकरण मिटेल."

रोझारिओने मान हलवली. "आज मिसाला वाचन नाही केलं मी," तो उठता उठता म्हणाला. "फादरना म्हटलं, घसा बसलाय. अंगावर डाग घेऊन तिथे उभं कसं राहायचं?"

तो गेल्यावर रुक्मिणी दारातून परत आली ती कपबशी न उचलताच समोर बसली. तेहतीस वर्षांचा संसार. "तुमचा काय बिनसलाहा?" तिने विचारलं. "तो रडत गेलो जिन्यावरसून. आनि तुम्ही हय मान खाली घालून बसलास. खरा काय ता सांगा माका."

त्याने सांगितलं. पूजा, किरण, घण, सगळं. ती बाई ओरडली नाही. पदराने तोंड दाबून बसली आणि मग एवढंच म्हणाली, "ती चटणी मी नाय वाढुची तुमका." डबा उचलून तिने शेजारणीकडे दिला.

ती रात्र सोडा, कशी गेली ते विचारू नका. सोमवारी आठच्या भोंग्याला दत्ताराम अक्षता मॅडमच्या केबिनमध्ये उभा होता. "मॅडम, चूक माझी. बेअरिंग मी ठोकून बसवलं होतं. रोझारिओचा माल चांगला होता."

अक्षताने पेन खाली ठेवलं. त्याच्याकडे बघता बघता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "काका, तुम्ही किती मोठ्या मनाचे आहात हो. पण असं मित्रासाठी स्वतःवर घेऊ नका. तुम्ही आणि हातोडा? कोण विश्वास ठेवेल?"

"अहो मॅडम, खरं सांगतोय."

"रिटायरमेंटला एक वर्ष राहिलंय तुमचं. जा, चहा घ्या."

झालं! दुपारपर्यंत कंपनीभर बातमी. घाडी म्हणजे देवमाणूस, दोस्तासाठी नोकरी पणाला लावतोय. कँटीनमध्ये लोकांनी उठून त्याला जागा दिली. किरण, तोच किरण, जवळ येऊन पाया पडला. "काका, त्या वेळी तुम्ही ओरडलात त्याचा राग होता माझ्या मनात. आज गेला." दत्तारामला वाटलं, जमीन फाटावी आणि आपण पंपासकट आत जावं. चोरी केली असती आणि पकडला गेला असता तरी इतकी लाज वाटली नसती. संध्याकाळी रोझारिओचा फोन. "अरे वेडा की काय तू? माझ्यासाठी असं नको करू रे. मी लिहून देतो ना." दत्ताराम नुसता "नाही रे, नाही रे," करत राहिला. ऐकतंय कोण!

मग मात्र तो इरेला पेटला. खोटं एका वाक्यात खपलं होतं आणि खरं कुणी घेईना. मंगळवारी तो सरळ प्लँटच्या साहेबांकडे गेला. "साहेब, माझ्या तोंडावर विश्वास ठेवू नका. नेहमीच्या दुकानातून ह्याच नंबरचं बेअरिंग आलंय, त्यातलं एक द्या. सगळ्यांना बोलवा. रोझारिओलाही बोलवा, खोका त्याच्याच हातून उघडा. मी काय करतो ते बघा, मग ठरवा."

साहेबांनी बोलावलं. बुधवारी दुपारी वर्कशॉपमध्ये तीच मंडळी, शिवाय किरण. रोझारिओ इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. त्याने खोका तपासला, उघडला, बेअरिंग दत्तारामच्या हातात दिलं आणि हळूच म्हणाला, "कशाला करतोयस हे?"

दत्तारामने एक जुना शाफ्ट बाकावरच्या व्हाइसमध्ये आवळून धरला. तोच मोठा पाइप बेअरिंगवर टेकवला. धोंडिरामचा घण पुन्हा मागून आणला होता. पस्तीस वर्षं ज्यांना "हातोडा दाखवायचा नाही" म्हणून शिकवलं, त्यांच्यासमोर त्याने घण उचलला आणि अकरा घाव घातले. एकेका घावाला कुणीतरी श्वास आत ओढत होतं. मग त्याने ग्राइंडरने बाहेरची रिंग कापली, बेअरिंग उघडलं, रॉकेलमध्ये धुतलं, आतली रिंग पुसली आणि टेबलावर ठेवली. शेजारी त्या दिवशीची जुनी रिंग ठेवली. भिंग अक्षताच्या हातात दिलं.

तिने आधी नवी बघितली, मग जुनी. मग पुन्हा नवी. सारख्या अंतरावर पोचे. एकाच कडेला. दोन्हींवर.

"तापवून बसवलं म्हणाला होतात," ती म्हणाली. आवाज बदलला होता.

"खोटं बोललो."

"पण का? हीटर होता, पुलर होता."

"पूजेत होते."

"मग उचलायचे ना, काका!"

दत्तारामने किरणकडे बघितलं. किरण जमिनीकडे बघत होता.  परवा ज्यांनी उठून जागा दिली होती त्यांना आता कुठे बघावं ते कळत नव्हतं. साहेब अक्षताला म्हणाले, "घाडींचं स्टेटमेंट घ्या," आणि निघून गेले.

रोझारिओने दोन्ही रिंगा हातात घेतल्या. भिंग न घेता, अंगठ्याने चाचपून बघितल्या. दत्ताराम वाट बघत होता. शिवी देईल, कॉलर धरेल, थोबाडीत मारेल. मारावी, असं त्याला मनापासून वाटत होतं.

"म्हणजे," रोझारिओने विचारलं, "माझं चुकलं नव्हतं?"

"नाही रे."

"माल ओरिजिनल होता? मी नीट बघून घेतला होता?"

"तू नीट बघितला होतास. तुझं काही चुकलं नव्हतं."

रोझारिओचा चेहरा असा काही उजळला की दत्तारामला ते बघवेना. राग कुठे नव्हताच त्यात, नुसती सुटका होती. त्याने खिशातून मोबाइल काढला, विनीचा नंबर लावला आणि फोन दत्तारामपुढे धरला. "हिला सांग. मी सांगितलं तर म्हणेल, मला बरं वाटावं म्हणून बोलतोस. तू सांग."

दत्तारामने फोन घेतला. "वहिनी, मी दत्ताराम."

"भावोजी!" पलीकडून विनीचा आवाज भरून आला. "तुम्ही आमच्यासाठी जे करताय ना, काल मी मेणबत्ती लावली तुमच्या नावाने..."

"वहिनी, आधी ऐका. रोझारिओची काही चूक नव्हती. चूक मी केली, आणि नाव त्याच्यावर जाऊ दिलं. रविवारी तो घरी आला, तेव्हासुद्धा मी खोटं बोललो. लिहून दे म्हणालो."

पलीकडे नळाचं पाणी पडत होतं, ते कुणीतरी बंद केलं.

"त्याने चार दिवस चष्म्याचा नंबर बदलून घ्यायचं चालवलं होतं," विनी म्हणाली. "म्हणत होता, मला दिसत नाही नीट. का केलंत भावोजी? आम्ही काय वाईट केलं होतं तुमचं?"

स्टेटमेंटमध्ये लिहायला त्याच्याकडे कारणं होती. पूजा होती, घाई होती, किरण होता. पण त्यातलं एकही त्याला त्या बाईला सांगता येईना.

"लाज वाटली, वहिनी," तो म्हणाला. "दुसरं काही नाही. फिटर म्हणून लाज वाटली, म्हणून तुमच्या माणसाला चोर होऊ दिलं."

विनीने फोन ठेवला. रोझारिओ हात पुढे करून उभा होता. दत्तारामने फोन त्याच्या हातात दिला, आणि रोझारिओ स्टोअरच्या किल्ल्या परत मागायला ऑफिसकडे निघून गेला.